आठवण कोणाला करून द्यायची?

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘यू-विन’ या लसीकरण व्यवस्थेचे देशपातळीवर उद्घाटन झाले, तेव्हा मला निवृत्त होऊन काही वर्षे लोटली होती. तरी त्या बातमीने मनापासून आनंद झाला. करोनाकाळातील ‘को-विन’च्या अनुभवावर उभ्या राहिलेल्या या व्यवस्थेत गर्भवती स्त्री आणि नवजात बालक यांची नावनिशीवार नोंद होते, दिलेल्या प्रत्येक मात्रेची तारीख तिथे राहते, पुढील मात्रेची आठवण पालकांच्या मोबाइलवर पोहोचते आणि कुटुंब दुसऱ्या राज्यात गेले तरी ती नोंद तेथे उघडता येते. आरोग्य विभागात काढलेल्या वर्षांत आम्ही अशा व्यवस्थेची केवळ कल्पना करीत असू.

तरीही एक प्रश्न मनातून जात नाही. मोबाइलने आठवण कोणाला करून द्यायची, हे आपण नीट ठरवले आहे काय? आज सारा भर आईला आठवण करून देण्यावर आहे. लसीकरण अपुरे राहते ते पालक विसरतात किंवा टाळतात म्हणून, असे त्यामागचे गृहीतक दिसते. ते सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु ग्रामीण भारतात विसर आईपेक्षा शासनाला अधिक वेळा पडतो, असे माझा अनुभव सांगतो आणि गेल्या दोन दशकांत हाती आलेला पुरावाही तेच सांगतो. म्हणून मोबाइलचे पहिले काम शासनाला त्याच्या शब्दाची आठवण करून देणे हे असले पाहिजे.

आधी झालेल्या कामाचे श्रेय दिले पाहिजे. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. त्यानंतर वीस वर्षांनी, २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, १२ ते २३ महिने वयाच्या बालकांपैकी केवळ ४३.५ टक्के बालकांचे मूलभूत लसीकरण पूर्ण झालेले आढळले. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ६२ टक्के झाले आणि २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ७६.४ टक्के. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘मिशन इंद्रधनुष’चा या वाढीत वाटा आहे, गावोगावच्या आशा आणि परिचारिका यांचा त्याहून मोठा आहे. पण दरवर्षी सुमारे अडीच कोटी बालके जन्माला येणाऱ्या देशात उरलेला चौथा हिस्सा ही लहान संख्या नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार, ज्यांना घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात यांवरील लशीची पहिली मात्राही मिळाली नाही, अशी बालके भारतात २०२३ मध्ये सुमारे १६ लाख होती. २०२४ मध्ये ती संख्या सुमारे ९ लाखांवर आली. सुधारणा मोठी आहे. मात्र उरलेली ९ लाख बालके सर्वांत अवघड ठिकाणी राहतात.

आठवणीचे महत्त्व कशात आहे, हेही समजून घ्यावे लागेल. आपल्या वेळापत्रकानुसार बालकाला जन्मतःच, मग सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात, त्यानंतर नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान लस द्यावयाची असते. ज्या घरात दिवस पेरणी, कापणी आणि सणवार यांनी मोजले जातात, तेथे दहावा आणि चौदावा आठवडा लक्षात राहणे कठीण. पहिल्या मात्रेनंतर बाळाला ताप येतो, रात्रभर ते रडते आणि सासू म्हणते, “आता पुरे.” सुरुवात केलेली अनेक बालके गोवरापर्यंत पोहोचत नाहीत, ती अशी. परिचारिकेचीही एक अडचण असते. गोवर-रुबेला लशीच्या कुपीत अनेक मात्रा असतात आणि एकदा उघडलेली कुपी चार तासांनंतर वापरता येत नाही. दोनच मुले आली तर कुपी उघडावी की पुढच्या महिन्यावर ढकलावे, असा पेच तिच्यापुढे उभा राहतो. अशा वेळी आदल्या दिवशी गेलेला एक संदेश पाच-सात मुले एकत्र आणू शकला, तर त्याचे मोल मोठे आहे.

या संदेशांचा परिणाम किती होतो, याचा आपल्याकडील सर्वांत मोठा प्रयोग हरियाणात झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्य शासनाच्या सहकार्याने सात जिल्ह्यांत तीन उपाय निरनिराळ्या मेळांनी करून पाहिले : पालकांच्या मोबाइलवर आठवणीचे संदेश, लस घेतल्यावर मोबाइलचे रिचार्ज आणि गावात बातमी पोहोचवणारी माणसे. ही माणसे निवडण्याची रीत साधी होती. गावातील काही घरांना विचारण्यात आले की, एखादी गोष्ट सर्वांना कळवायची असेल तर ती कोणाला सांगावी? ज्यांची नावे पुढे आली, त्यांना लसीकरण सत्रांची माहिती पसरवण्याची विनंती करण्यात आली. तिन्ही उपाय एकत्र आले आणि प्रत्येक मात्रेगणिक रिचार्जची रक्कम वाढत गेली, तेथे गोवराच्या लशीपर्यंत पोहोचणाऱ्या बालकांची संख्या ४४ टक्क्यांनी वाढली. खर्चाच्या मानाने सर्वांत किफायतशीर ठरले ते संदेश आणि गावातील बोलकी माणसे यांचे एकत्रित साहाय्य. त्यात रिचार्जचा खर्चही नव्हता. मला यातून एवढेच घ्यावेसे वाटते की, मोबाइलवर आलेल्या शब्दाला गावातील ओळखीच्या तोंडाचा दुजोरा मिळाला, तर तो शब्द कामाला येतो. आशा आणि संदेश यांपैकी एकाची निवड करण्याचा प्रश्नच येथे नाही.

पण संदेश पोहोचतो कोणाकडे? २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणानुसार, स्वतः वापरता येईल असा मोबाइल ग्रामीण भागातील केवळ ४६.६ टक्के स्त्रियांकडे होता. मध्य प्रदेशात, शहरे धरूनही, हे प्रमाण ४० टक्क्यांहून कमी होते. देशभरात ज्या स्त्रियांकडे मोबाइल होता, त्यांच्यातील सुमारे ७१ टक्केच लघुसंदेश वाचू शकत होत्या. त्यानंतर मोबाइलचा प्रसार वाढला आहे हे खरे. पण घरात मोबाइल असणे आणि तो बाळाच्या आईच्या हाती असणे यांत अंतर आहे. नवरा सुरतेला किंवा लुधियानाला कामावर असतो आणि त्याच्या खिशातील मोबाइल वाजतो : उद्या तुमच्या बाळाच्या लशीचा दिवस आहे.

या बाबतीतील माझी चूक मी येथे सांगितली पाहिजे. माता आणि बालकांचा नावनिशीवार मागोवा घेणारी संगणकीय व्यवस्था केंद्राने २००९ च्या अखेरीस आणली. त्यानंतर काही काळाने एका राज्याच्या सचिवालयात हे काम माझ्याकडे होते. मोबाइल क्रमांकाचा रकाना रिकामा राहतो, अशी तक्रार होती. क्रमांकाशिवाय नोंद पूर्ण धरली जाणार नाही, असा आदेश मी काढला आणि दर आठवड्याला जिल्हानिहाय टक्केवारी मागवू लागलो. टक्केवारी झपाट्याने वाढली. मला समाधान वाटले. पुढे एका दौऱ्यात मी नोंदवहीतील दहा क्रमांकांना स्वतः दूरध्वनी केले. तिघांनी तो उचललाच नाही. दोन क्रमांक अस्तित्वात नव्हते. एक किराणा दुकानदाराचा होता आणि तो सात स्त्रियांच्या नावापुढे लिहिलेला होता. तीन आशांचे स्वतःचे होते. खऱ्या लाभार्थीच्या घरी लागलेला क्रमांक एकच निघाला. मी त्या आशांपैकी एकीला कारण विचारले. ती म्हणाली, “साहेब, आकडा तुम्हाला हवा होता. ज्यांच्याकडे फोनच नाही, त्यांचा मी कुठून आणू?” माझा आदेश त्यानंतर मी मागे घेतला, परंतु तोवर हजारो माता माझ्या अहवालात मोबाइलधारक झाल्या होत्या.

आता शासनाच्या विसराकडे वळतो. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात या शतकाच्या सुरुवातीला झालेल्या पाहणीत आरोग्य उपकेंद्रे कामाच्या वेळेत निम्म्याहून अधिक वेळा बंद आढळली होती. त्याच जिल्ह्यात ‘सेवा मंदिर’ या संस्थेने संशोधकांच्या साहाय्याने १३४ गावांत एक प्रयोग केला. काही गावांत ठरल्या दिवशी, न चुकता, लसीकरणाचे मासिक शिबिर भरवले. काहीही न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली बालके ६ टक्के होती. नेमाने शिबिर भरलेल्या गावांत ती १८ टक्के झाली. शिबिराबरोबर प्रत्येक मात्रेला एक किलो डाळ आणि लसीकरण पूर्ण झाल्यावर थाळ्यांचा संच दिला, तेथे हे प्रमाण ३९ टक्क्यांपर्यंत गेले. या प्रयोगाची चर्चा होते ती डाळीमुळे. मला मात्र ६ चे १८ झाले, ही पायरी अधिक बोलकी वाटते. कोणाला काही दिले नाही. दिलेला दिवस पाळला आणि प्रमाण तिप्पट झाले.

ज्या स्त्रीने एकदा रोजंदारी बुडवून, कडेवर मूल घेऊन, चार किलोमीटर चालून उपकेंद्र गाठले आणि दाराला कुलूप पाहिले, तिला दुसऱ्या वेळी संदेश पाठवून काय साधणार? ती विसरलेली नसते. तिला पहिला अनुभव पुरता आठवत असतो.

यावर काही जण म्हणतील की, कर्मचाऱ्यांची हजेरीही मोबाइलनेच घ्यावी. छायाचित्र आणि स्थळ यांची नोंद झाली की गैरहजेरी थांबेल. याचाही अनुभव उदयपूरलाच येऊन गेला आहे. २००६ मध्ये तेथे परिचारिकांच्या हजेरीसाठी तारीख-वेळ छापणारी यंत्रे दिली गेली आणि गैरहजेरीबद्दल वेतन कापण्याचे प्रशासनाने जाहीर केले. आरंभी उपस्थिती लक्षणीय वाढली. सुमारे सोळा महिन्यांनी यंत्र असलेली आणि नसलेली केंद्रे यांत फरक उरला नाही. यंत्रे बिघडली म्हणून असे घडले नव्हते. ‘सूट दिलेल्या दिवसां’ची संख्या वरिष्ठांच्या संमतीने वाढत गेली. बैठक, प्रशिक्षण, सर्वेक्षण, काहीतरी कारण नोंदले जाई. मी त्याच प्रशासकीय परंपरेत वाढलो आहे. अशी सूट कशी दिली जाते आणि ती नाकारणे किती अवघड असते, हे मला ठाऊक आहे. कर्मचाऱ्यावर नजर ठेवणारे यंत्र शेवटी त्याच्या वरिष्ठाच्या हाती असते. गावाच्या हाती ते नसते, हा त्यातील दोष.

मोबाइलने शासनाची स्मृती सुधारल्याचे उत्तम उदाहरणही आपल्याच देशात आहे. लस दोन ते आठ अंश सेल्सियस तापमानात राखावी लागते. पूर्वी शीतपेट्यांचे तापमान वहीत लिहिले जाई आणि अनेकदा ते महिन्याच्या अखेरीस एकाच शाईने लिहिले जाई. २०१५ पासून आलेल्या ‘ई-विन’ व्यवस्थेत शीतसाखळी सांभाळणारा कर्मचारी मोबाइलवरून साठ्याची नोंद करतो आणि तापमापक यंत्र स्वतःच तापमान कळवते. रात्री वीज गेली आणि तापमान वाढले, तर इशारा अधिकाऱ्याच्या मोबाइलवर जातो. एका केंद्रात लस संपत आली आणि शेजारच्या केंद्रात ती पडून आहे, हे जिल्ह्याला दिसते. या व्यवस्थेचा बोलबाला फारसा झाला नाही, कारण तिने कोणत्याही आईला काही सांगितले नाही. तिने शासनाला त्याचे काम सांगितले. हाच नियम साठ्याच्या खोलीपासून गावातील सत्रापर्यंत नेणे, ही पुढची पायरी आहे.

नोंद झालेल्या बालकांबद्दल हे झाले. ज्यांची नोंदच नाही त्यांचे काय? येथे मला इतिहासाचा आधार घ्यावासा वाटतो, आणि तो माझ्या शालेय वयातील आहे. १९७३ च्या अखेरीस आमच्या बिहारमधील गावच्या शाळेत एक आरोग्य कर्मचारी आला. त्याच्या हातात एक छापील चित्र होते : देवीच्या फोडांनी भरलेला बालकाचा चेहरा. गुरुजींनी गावात असा रुग्ण नसल्याचे आधीच सांगितले होते. कर्मचाऱ्याने त्यांचे आभार मानले आणि तरीही वर्गात येऊन ते चित्र आम्हाला दाखवले. “असा चेहरा कोणी पाहिला आहे का?” मागच्या बाकावरील एका मुलाने हात वर केला. त्याने असा चेहरा ओढ्यापलीकडच्या टोल्यात पाहिला होता. त्या टोल्यातून आमच्या शाळेत येणारा तो एकटाच होता.

पुढे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी त्या मोहिमेबद्दल वाचले, तेव्हा त्या प्रसंगाचा अर्थ उलगडला. १९७३ च्या शरद ऋतूत उत्तर प्रदेश, बिहार यांसारख्या राज्यांत घरोघर शोधाची मोहीम सुरू झाली, तेव्हा नित्याच्या अहवालांत नसलेले हजारो रुग्ण काही दिवसांत सापडले. अधिकारी हादरले. अहवाल खोटेच होते असे नाही; जे केंद्रापर्यंत आले, तेवढेच त्यांत होते. त्यानंतर अहवालाची वाट न पाहता शाळा, बाजार, घरे येथे जाऊन शोधण्याची रीत कायम झाली आणि मे १९७५ मध्ये देशातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला.

आजचा माहितीफलक त्या जुन्या अहवालाहून अधिक जलद आणि देखणा आहे, परंतु त्याची मर्यादा तीच आहे. ज्या बालकाचे नाव व्यवस्थेत नाही, त्याची मात्रा कधीच ‘थकीत’ दिसत नाही. त्याच्यासाठी कोणताही इशारा वाजत नाही. उलट, अशी बालके जितकी अधिक सुटतील, तितकी नोंदलेल्यांची टक्केवारी चांगली दिसते. वीटभट्ट्यांवरील कुटुंबे, बांधकामावर गुजरातेत जाणारे डुंगरपूर-बांसवाड्याचे आदिवासी, बीडहून साखरपट्ट्यात उतरणारे ऊसतोड कामगार यांच्या घरी हंगामात जन्मलेले बाळ सहावा, दहावा आणि चौदावा आठवडा गावाबाहेरच पुरा करते. ‘यू-विन’मध्ये त्याची नोंद कोठेही उघडता येते; पण ती उघडण्यासाठी कोणीतरी पालावर जावे लागते. त्यासाठी वर्षातून दोनदा, व्यवस्थेतील यादी हाती न घेता, घरोघर आणि पालोपाल बालकांची गणना व्हावी. गणना आणि नोंद यांतील फरक हाच जिल्ह्याच्या कामाचा खरा मापदंड मानावा.

हे सारे करणाऱ्या स्त्रियांचाही विचार हवा. २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल संच परत केले, हे वाचकांना आठवत असेल. संच निकृष्ट होते, त्यांत माहिती मावत नव्हती आणि भरावयाचे ॲप इंग्रजीत होते. त्यांचा विरोध तंत्रज्ञानाला नव्हता. न चालणाऱ्या साधनावर चालणाऱ्या कामाची जबाबदारी लादण्याला होता. आजही अनेक ठिकाणी परिचारिका तीच माहिती आधी वहीत आणि मग मोबाइलवर लिहिते. लस टोचण्याचा वेळ लिहिण्यात जातो. मोबाइल आला की त्या दिवशीच एक वही बंद झाली पाहिजे, असा साधा नियम का असू नये?

मग करावयाचे काय? नोंद करताना क्रमांक कोणाचा, हे लिहावे आणि क्रमांक नाही हे मान्य उत्तर असावे. ते उत्तर आले की गृहभेटीची जबाबदारी आपोआप नेमली जावी. संदेश लेखीपेक्षा बोलका असावा. ‘किलकारी’ सेवेतून गर्भारपणापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत ध्वनिमुद्रित संदेश दिले जातात, ही दिशा योग्य आहे. ते वागडी, मुंडारी, गोंडी अशा घरच्या बोलींतही गेले पाहिजेत. मोबाइल नसलेल्या आईचा हक्क किंचितही कमी होता कामा नये आणि कागदी कार्ड कायम राहावे. सत्र रद्द होणार असेल, तर ते कळवणारा संदेश आठवणीच्या संदेशाइतक्याच तत्परतेने, आई घरातून निघण्यापूर्वी जावा.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे संदेशाला उलटी वाट हवी. दर सत्रानंतर गावातील काही घरांना एक ध्वनिमुद्रित दूरध्वनी जावा : काल लसीकरण झाले का? झाले असेल तर एक दाबा, नसेल तर दोन. हे उत्तर परिचारिकेला शिक्षा करण्यासाठी वापरू नये. बहुधा ती दोन उपकेंद्रांचा भार वाहत असते किंवा लशीचा डबा वेळेवर पोहोचलेला नसतो. ते तिच्या वरच्यांसाठी असावे आणि त्यात ‘सूट दिलेला दिवस’ नसावा. दिवस चुकला, तर सात दिवसांच्या आत दुसरा दिवस दिला गेला का, एवढेच विचारावे.

यासाठी लागणारा खर्च आजच्या व्यवस्थेच्या मानाने अल्प आहे आणि तंत्रज्ञान जुनेच आहे. नवे आहे ते एवढेच की, गावाने दिलेले उत्तर दर सोमवारी जिल्हाधिकाऱ्याच्या मेजावर असेल. मी जिल्ह्यात होतो तेव्हा माझ्या मेजावर लसीकरणाचे पुष्कळ आकडे येत. त्यांतील काही शंभर टक्क्यांच्याही वर असत. सत्र खरोखर झाले का, हे मात्र मी एकाही आईला विचारले नव्हते.